कमळाकर घरतची चढाई

खारशेतच्या कमळाकर घरतने अठरा वर्षांपूर्वी कोळवलीच्या संघावर केलेली चढाई अजून संपलेली नव्हती, आणि पुण्याच्या ‘सह्याद्री शिलेदार’ संघाने त्याला पहिल्या पसंतीचा चढाईपटू म्हणून निवडायचं ठरवलं तेव्हा तेवढी एकच अडचण होती.

सामना आमच्या खाडीकाठच्या खारातल्या शेतावर झाला होता. मी त्यात आमच्याकडून राखीव खेळाडू होतो. सामना संपला नसल्यामुळे पुढेही राखीवच राहिलो. भातकापणी उरकली होती, ढेकळं फोडून, पाणी मारून मैदान केलं होतं, फक्कीच्या रेषा मारल्या होत्या. आम्ही दोन गुणांनी मागे होतो आणि शेवटची चढाई कमळाकरची होती. तो मध्यरेषा ओलांडून कोळवलीच्या अंगणात शिरला आणि नेमका तेव्हाच उधाणाच्या पाण्याने बांध फुटला. खाडीचं पाणी शेतात आलं, लोक उंचावर पळाले, फक्की वाहून गेली. कमळाकर गुडघाभर पाण्यात ‘कबड्डी कबड्डी’ करत उभा राहिला, कारण त्याचा दम गेला नव्हता.

पंच होते ठाकूर मास्तर. शाळेत ते भूगोल शिकवत. त्यांनी बांधावर चढून निर्णय दिला तो असा : मध्यरेषा दिसत नाही, म्हणजे कमळाकर आपल्या अंगणात परतला असं म्हणता येत नाही. बाजूच्या रेषाही दिसत नाहीत, म्हणजे तो मैदानाबाहेर गेला असंही म्हणता येत नाही. दम गेलेला नाही, त्यामुळे तो बाद नाही. रेषा सापडेपर्यंत चढाई चालू. वेळेची मर्यादा तेव्हा आमच्याकडच्या सामन्यांना नव्हती. पुढे ती आली, तेव्हा मास्तर म्हणाले की नवा नियम चालू चढाईला लावत नाहीत. यावर कोळवलीच्या लोकांनी बरीच कुरकुर केली, पण पंचांचा निर्णय म्हटल्यावर काही करता येत नव्हतं.

बांध दुरुस्त झाला, पण शेत काही पुन्हा पिकलं नाही. तिथे कुणीतरी कोळंबीचं तळं केलं. कमळाकर मात्र कामाला लागला. एसटीत वाहकाच्या जागा निघाल्या होत्या. मुलाखतीत त्याला नाव विचारलं, शिक्षण विचारलं, गर्दीत भांडण झालं तर काय कराल असं विचारलं. तिन्ही प्रश्नांना त्याने एकच उत्तर दिलं. कागदपत्रं व्यवस्थित होती आणि आवाज खणखणीत होता. त्याला घेतलं.

त्याचं लग्न कोळवलीच्याच वनिताशी झालं. वनिताचा थोरला भाऊ परशुराम कडू हा कोळवली संघाचा कप्तान. खारशेतचा चढाईपटू आपल्या अंगणात मोकळा फिरतोय आणि आपल्याला त्याची पकड करता येत नाही, हे त्याच्या मनाला लागलं होतं. बहीण दिली म्हणजे माणूस हाताशी राहील, असा त्याचा हिशेब असावा. लग्नात कानपिळीला परशुराम उभा राहिला. त्याने कमळाकरचा कान धरला, आणि त्याच हाताने मान खाली दाबून दुसरा हात कमरेला घातला. कमळाकर मुंडावळ्यांसकट वाकला, फिरला, पाटावरून उडी मारून निसटला आणि पुन्हा पाटावर येऊन बसला. भटजींनी पुढचा मंत्र म्हटला. ठाकूर मास्तर पंगतीच्या बाजूला बसले होते. परशुरामचा स्पर्श झाला आहे, असं त्यांनी तिथल्या तिथे जाहीर केलं. म्हणजे कमळाकर कधी आपल्या अंगणात परतलाच, तर परशुराम बाद.

असं करत पुढच्या काही वर्षांत कोळवलीच्या सातही जणांनी त्याला कुठे ना कुठे धरून पाहिलं. बाजारात, दवाखान्याच्या रांगेत, एकाने तर मयताला. तो प्रत्येक वेळी निसटला. म्हणजे रेषा सापडली असती तर सगळा कोळवली संघ एका चढाईत बाद झाला असता. पण रेषा सापडत नव्हती आणि त्यामुळे दोन्ही गावांत तसं बरं चाललं होतं.

वनिताचं काय, असं बाहेरचे लोक विचारत. पहिले काही महिने तिला त्याच्या आवाजाने झोप यायची नाही. नंतर ती माहेरी गेली की तिथे शांततेमुळे झोप यायची नाही. त्याच्या ‘कबड्डी’तलं तिला सगळं कळायचं. भाजीत मीठ कमी आहे, उद्या लवकर जायचंय, तुझ्या भावाने आज पुन्हा पाय घातला, मला तुझी दया येतेय पण मी ती दाखवणार नाही, हे सगळं ती त्या एका शब्दातून काढायची आणि चूक कधी निघायची नाही. फक्त एक गोष्ट तिला मिळाली नव्हती. त्याच्या तोंडून स्वतःचं नाव तिने कधी ऐकलं नव्हतं. ती हे कुणाजवळ बोलली नाही. माझ्या बायकोजवळ एकदा बोलली, म्हणून मला माहीत.

*

सह्याद्री शिलेदार हा संघ सलग तीन हंगाम तळाला राहिला होता. तळाच्या संघाला नव्या हंगामाच्या निवडीत पहिली पसंती मिळते, आणि पहिल्या पसंतीने चढाईपटू घ्यायचा हे त्यांचं ठरलं होतं. खेळाडू शोधायचं काम निशिकांत देवस्थळी नावाच्या गृहस्थांकडे होतं. ते स्वतः पूर्वी खेळलेले, गुडघ्यामुळे थांबलेले. त्यांनी राज्यभर फिरून पुष्कळ पोरं पाहिली होती. वेग होता, उंची होती, उड्या होत्या. पण सात जण भोवती हात पसरून आले की त्या पोरांचे डोळे फिरायचे. देवस्थळींचं म्हणणं असं, की पाय कुणालाही शिकवता येतात. आपल्याला पाडायलाच टपलेल्या सात जणांच्या मध्ये एकट्याने उभं राहून, कुठे जायचं हे ठरवता येणं आणि तोवर दम न सोडणं, हे शिकवता येत नाही. ते माणसात असावं लागतं.

कमळाकरची गोष्ट त्यांना कुणी सांगितली कोण जाणे. एके दिवशी ते कमळाकरच्या गाडीत शेवटच्या सीटवर बसलेले दिसले. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी मी त्यांच्या शेजारी बसलो आणि त्यांना कोळवलीचा थांबा आला की पाय वर घ्यायला सांगितलं.

कोळवलीला परशुराम चढायचा. रोज चढायचा. पुढच्या थांब्याचं तिकीट मागायचा, कमळाकर तिकीट द्यायला जवळ आला की “भावोजी, थांबा” म्हणायचा आणि त्याच्या मांडीला मिठी घालायचा. प्रवाशांना सवय होती. ते पिशव्या मांडीवर घेऊन बसायचे. त्या दिवशी गाडी भरलेली होती. परशुरामने एका हाताने दांडा धरून दुसऱ्या हाताने कमळाकरचा पट्टा पकडला. कमळाकर मागे झुकला, सीटच्या पाठीवर पाय ठेवून उलटा फिरला, कोळणीच्या पाटीवरून पलीकडे गेला. हे चालू असताना दाराजवळची एक म्हातारी उठायला लागली होती. कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. कमळाकरने हवेतल्या हवेत दोरी ओढली, घंटी वाजली, गाडी थांबली, म्हातारी सावकाश उतरली. मग त्याने परशुरामला उरलेले सुटे दिले. सगळा वेळ ‘कबड्डी कबड्डी’ एका लयीत चालू होतं.

देवस्थळींनी वर घेतलेले पाय खाली ठेवले. मग त्यांनी मला विचारलं, की ह्या माणसाचं लग्न झालंय का.

त्या संध्याकाळी ते घरी आले. वनिताने चहा केला. देवस्थळींनी कमळाकरची चौकशी त्याच्यादेखतच तिच्याकडे केली, कारण त्यांच्या कामात ती पद्धत आहे : खेळाडू कसा आहे हे घरच्यांना विचारायचं. झोप कशी आहे, खाणं कसं आहे, राग येतो का. वनिताने सगळं सरळ सांगितलं. कमळाकर मध्ये मध्ये ‘कबड्डी’ म्हणत होता आणि ती “हे म्हणतात, तेवढं खरं नाही” असं सांगत होती.

“घरात भांडतात का?” देवस्थळींनी विचारलं.

“भांडतात. पण दम जाऊ देत नाहीत.”

देवस्थळींनी सांगितलं की त्यांच्या स्पर्धेत एक चढाई तीस सेकंदांचीच असते. वनिताला ते ऐकून बरं वाटलं. एवढ्यात सुटी मिळत असेल तर कामाचा ताण फारसा नाही, असं ती म्हणाली.

पुण्याला तपासणीसाठी दोघं गेली. संघाच्या डॉक्टरांनी त्याच्या छातीला नळी लावली आणि बराच वेळ ऐकलं. श्वास बाहेर जाताना ऐकू येतो, आत येताना ऐकू येत नाही, असं त्यांचं निदान झालं. हे चांगलं की वाईट, असं वनिताने विचारल्यावर ते म्हणाले की पेशंट म्हणून वाईट आणि खेळाडू म्हणून उत्तम, आणि त्यांना इथे खेळाडू तपासायला ठेवलं आहे. फुंकर मोजायच्या यंत्रात त्याला फुंकायला लावलं, तर दुपारच्या जेवणापर्यंत काटा खाली येईना. यंत्र दुसऱ्यांना लागत होतं म्हणून शेवटी नळी काढून घेतली.

वयाचा प्रश्न निघाला. कमळाकर चाळिशीला आला होता. पण देवस्थळींनी असा मुद्दा मांडला की खेळाडूची दमछाक चढायांच्या संख्येवर मोजतात, आणि गेल्या अठरा वर्षांत कमळाकरने फक्त एक चढाई केली आहे. हे सगळ्यांना पटलं.

निवडीचा कार्यक्रम एका मोठ्या हॉटेलात झाला. आम्ही गावातले चौघं-पाच जण गेलो होतो. स्टेजवर लाल गालिचा, समोर प्रत्येक संघाचं टेबल. शिलेदारांचं टेबल पहिलं. देवस्थळींनी माईकवर कमळाकर घरत हे नाव घेतलं, आणि टाळ्या संपायच्या आत दुसऱ्या एका संघाचा प्रतिनिधी हरकत घ्यायला उभा राहिला. त्याचं म्हणणं : हा खेळाडू आज घडीला दुसऱ्या संघाकडून चढाईवर आहे. चालू चढाईतल्या खेळाडूला कोणी कसं निवडू शकतं?

स्पर्धेच्या सचिव बाईंनी नियम काढून पाहिले. मग कमळाकरला पुढे बोलावून त्याचं ऐकलं. तो चढाईवर आहे, यात शंका नव्हती. बाईंनी निकाल दिला की निवड मान्य, पण हंगाम सुरू होण्याआधी खेळाडूने हातातली चढाई पूर्ण करावी. आपल्या अंगणात सुखरूप परतला तर तो शिलेदारांचा. मध्येच पकडला गेला किंवा दम गेला, तर निवड रद्द आणि शिलेदारांनी त्या जागी दुसरं नाव द्यावं.

म्हणजे रेषा शोधणं आलं.

*

ठाकूर मास्तर निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. पण सामना संपला नसल्यामुळे त्यांनी शिट्टी गळ्यातून काढलेली नव्हती, अंघोळीलाही नाही. मध्यरेषा कुठे होती हे त्यांना पक्कं आठवत होतं. बांधाच्या उघाडीपासून, म्हणजे पाणी सोडायच्या दारापासून, समोरच्या भेंडीच्या मोठ्या झाडापर्यंत सरळ. कोळंबी काढून झाली की तळं रिकामं करतात, तेव्हा रेषा मारता येईल, असं ते म्हणाले. इतकी वर्षं हे त्यांनी का सांगितलं नाही, असं देवस्थळींनी विचारलं. मास्तर म्हणाले, कुणी विचारलं नाही.

कोळवलीची अडचण वेगळी होती. त्यांच्या सातांपैकी एक जण कावीळ होऊन गेला होता, दोघं उरणला नोकरीला होते ते रजा टाकून आले, एक मस्कतला होता त्याला सुटी मिळेना. मेलेल्याच्या जागी त्यांचा राखीव गडी आला. मस्कतवाल्याच्या जागी कोणी उरलं नव्हतं. परशुरामने गावातली दोन तगडी पोरं आणली, तर मास्तरांनी त्यांना परत पाठवलं. सामन्याच्या दिवशी जो कोळवलीचा होता आणि मैदानावर हजर होता, तोच बदली चालेल. ही पोरं तेव्हा पाळण्यात होती.

सकाळी परशुराम बहिणीकडे गेला. त्याने भाकरी खाल्ली, ताट विसळून ठेवलं, आणि मग म्हणाला की त्या दिवशी खेळाडूंना पाणी द्यायला तू मैदानावर होतीस. तेव्हा तू कोळवलीची होतीस. कमळाकर अंगणात दाढी करत होता. तिकडून त्याचा आवाज येत होता. परशुराम म्हणाला, “वने, तू फक्त उभी राहा. धरायचं आम्ही बघतो.”

मास्तरांना विचारलं. पुरुषांच्या सामन्यात बाई बदली म्हणून चालत नाही, असं त्यांच्या नियमात कुठे लिहिलेलं नव्हतं. चालते असंही नव्हतं. त्यांनी थोडा विचार करून परवानगी दिली.

वनिताने पदर खोचला आणि तळ्याकडे निघाली. वाटेत माझ्या बायकोने तिला थांबवून विचारलं की हे काय करतेस. ती म्हणाली, “अठरा वर्षं सगळे ह्यांना धरायला बघतात. मी कधी बघितलंच नाही.”

तळ्याचा तळ ओला होता. मास्तरांनी स्वतः फक्की मारली. कोळवलीवाले म्हणाले रेषा हातभर आमच्या बाजूला सरकली आहे. आमचे लोक म्हणाले हातभर तिकडे. दोघांची तक्रार आहे म्हणजे बरोबर आहे, असं मास्तर म्हणाले. दोन्ही गावं बांधावर बसली होती. मी राखीव खेळाडूंच्या जागी बसलो. देवस्थळी माझ्या शेजारी, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून.

कमळाकर पलीकडच्या टोकाला उभा होता. रेषा समोर दिसत होती. त्याच्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेलं काहीतरी होतं. माणूस खूप दिवसांनी आपल्या घराचं दार बघतो तसं म्हणावं, तर तसंही नव्हतं; त्याच्या मागे, त्या सगळ्या अंगणात, त्याची नोकरी होती, घर होतं, बायको होती. समोरच्या छोट्या चौकोनात काहीच नव्हतं. चिखल आणि दोन खेकडे.

तो निघाला. राखीव गड्याला त्याने आधी चुकवलं, मग उरणचे दोघं साखळी करून आले, ती साखळी त्याने खालून पार केली. बाकीचे दोघं चिखलात एकमेकांवरच पडले. परशुराम रेषेजवळ वाट बघत थांबला होता. त्याने आयुष्यात मारली नसेल अशी झेप घेतली आणि त्याच्या हातात कमळाकरच्या बनियनचा तुकडा आला. तो तसाच पालथा पडून राहिला.

आता कमळाकर आणि रेषा यांच्यामध्ये एकटी वनिता होती. ती उभी राहा म्हटल्याप्रमाणे उभी होती. कमळाकर थांबला. फक्त त्याचं ‘कबड्डी कबड्डी’ ऐकू येत होतं, हळू, रात्री अंथरुणावर म्हणावं तसं.

“जायचंय का तुम्हाला?” वनिताने विचारलं.

तो म्हणाला, “कबड्डी.”

तिने मान हलवली. बाजूला सरकण्यासाठी हलावी तशी ती थोडी हलली. कमळाकरने पाऊल उचललं, आणि वनिता खाली बसली. दोन्ही हातांनी तिने त्याचा घोटा धरला. भांडं निसटताना धरावं तसा, जोर न लावता, पण पक्का. तो पुढे पडला. हात लांब केला. बोटं फक्कीपासून वीतभर अलीकडे चिखलात रुतली. त्याने ओढ घेतली, फिरला, कुशीवर झाला, सगळं केलं. घोटा सुटला नाही.

मग त्याचा दम गेला.

आधी ‘कबड्डी’ थांबलं. गावात इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. आणि मग कमळाकरने श्वास आत घेतला. तो बराच वेळ चालला. बांधावरच्या खारफुटीची पानं त्याच्या दिशेला कलली, दोन-तीन टोप्या उडाल्या, मास्तरांची शिट्टी दोरीसकट पुढे लोंबली. श्वास घेऊन झाल्यावर तो चिखलात उठून बसला. दोन्ही गावं त्याच्या तोंडाकडे बघत होती.

“वनिता,” तो म्हणाला, “पाय सोड. मुंग्या आल्यात.”

तिने सोडला नाही. शिट्टी झालेली नव्हती. मास्तरांना शिट्टी फुंकायला जमत नव्हतं. ते डोळे पुसत होते. शेवटी ती वाजली. सामना कोळवलीने तीन गुणांनी जिंकला. त्यानंतरच वनिताने हात काढले, आणि ते तसेच चिखलाचे हात तोंडावर ठेवून ती कितीतरी वेळ बसून राहिली. कमळाकर तिच्याशेजारी बसून पाय चोळत होता.

*

शिलेदारांना आता त्या जागी दुसरं नाव द्यायचं होतं. देवस्थळी पुण्याला निघायच्या ऐवजी कमळाकरच्या ओट्यावर येऊन बसले. त्यांना एक गोष्ट विचारायची होती.

“वहिनी, ते शेवटी काय म्हणाले? नको म्हणाले ना?”

“नाही,” वनिता म्हणाली. “जायचंय म्हणाले.”

“मग धरलंत का?”

“मी कोळवलीकडून खेळत होते.”

देवस्थळींनी दुमडलेली पँट खाली सोडली. अठरा वर्षांत कुणाला न जमलेली पकड त्यांनी पाहिली होती, आणि ती करणारीला पकडीपूर्वी काय काय माहीत होतं हेही त्यांना आता कळलं होतं. मग त्यांनी सरळ विचारलं की शिलेदारांकडून डाव्या कोपऱ्यावर खेळाल का.

सचिव बाईंकडे पुन्हा हरकत आली. ही स्पर्धा पुरुषांची आहे, असं त्या दुसऱ्या संघाचं म्हणणं. बाईंनी ठाकूर मास्तरांना फोनवर बोलावलं. मास्तरांनी सांगितलं की सदर खेळाडू पुरुषांच्या सामन्यात अधिकृतपणे खेळलेली आहे आणि विजयी संघात आहे. बाईंनी एवढंच विचारलं, की सध्या तिने कुणाला धरून ठेवलेलं नाही ना. नाही म्हटल्यावर निवड मान्य झाली.

राहिला प्रश्न घरचा. वनिता देवस्थळींना म्हणाली की ह्यांना विचारून सांगते.

तिने त्या संध्याकाळी विचारलं. कमळाकरला आता शब्द होते, आणि त्याने ते वापरले. तो म्हणाला की जायलाच पाहिजे, अशी संधी येत नाही. मग म्हणाला की पुण्याचं पाणी तुला मानवणार नाही. मग म्हणाला की मी इथे एकटा काय करू, पण माझ्यासाठी थांबू नकोस, पण लोक काय म्हणतील याचा मी विचार करत नाही, तू मात्र कर. जेवताना तो बोलत होता, ताटं उचलताना बोलत होता. परशुरामच्या कानपिळीबद्दल बोलला, एका वर्षी फार खारट झालेल्या बोंबलांबद्दल बोलला, ड्रायव्हरबद्दल, तिच्या आईबद्दल, एकदा ती तापाने आजारी होती तेव्हा त्याला किती भीती वाटली होती त्याबद्दल बोलला. त्यात तिचं नाव इतक्या वेळा आलं की तिने ऐकायचं सोडून दिलं. झोपायच्या वेळेपर्यंत तो बोलला, आणि त्याचं मत काय आहे हे तिला कळलं नाही. लग्नानंतर पहिल्यांदाच कळलं नाही.

ती सकाळी माझ्या घरी आली. माझ्या बायकोला म्हणाली, “ह्यांच्या मनात काय आहे, ते आता काही समजत नाही बघ. आता माझं मलाच ठरवावं लागेल.”

ओट्यावर बसून तिने एक कप चहा घेतला. चहा संपला तेव्हा तिचं ठरलेलं होतं.

शिलेदारांचं शिबिर सुरू व्हायच्या आदल्या दिवशी कमळाकर रजा काढून तिला पोहोचवायला पुण्याच्या गाडीपर्यंत आला. पिशवी त्यानेच भरली होती. सुकट, गोडा मसाला, घोट्याला लावायचं तेल. गाडी लागल्यावर तो आधी वर चढला, खिडकीची जागा रुमाल टाकून धरली, आणि कंडक्टरला बाजूला घेऊन सांगू लागला. हिला घाटात मळमळतं, मागच्या चाकावर बसवू नका. कुठे उतरायचं ते तिला माहीत आहे, पण तरी आधी सांगा. पिशवीत काच आहे. हिचा हात फार बळकट आहे, तिकीट देताना जपून द्या. गाडी हलली तरी तो दाराबरोबर चालत बोलत होता. मग मागे राहिला. काचेतून ती त्याचं तोंड हलताना बघत होती, आणि हे तिने मला नंतर सांगितलं, की काचेआडून ऐकू येत नव्हतं तेव्हा पुन्हा सगळं नीट समजलं.

गाडी फाट्यावरून वळली. कंडक्टर तिच्याजवळ आला.

“ताई, तुमचे मिस्टर कायम एवढं बोलतात?”

“नाही हो,” वनिता म्हणाली. “एवढ्यातच लागलेत.”

“बरं,” म्हणून त्याने तिला पुण्याचं तिकीट दिलं आणि तो मागच्या सीटकडे गेला.